ग्रिफिथ पार्क : दान एकाचे, राखण शहराची

लॉस एंजेलिसचे ग्रिफिथ पार्क जगाला ठाऊक आहे ते तिथल्या वेधशाळेमुळे आणि डोंगरावरच्या ‘हॉलिवूड’ या पांढऱ्या अक्षरांमुळे. आज ते 4,200 एकरांहून मोठे आहे. त्यातली 3,015 एकर जमीन एकाच माणसाने शहराला फुकट दिली होती.

हा मुलूख मूळचा टोंग्वा लोकांचा. पुढे स्पॅनिश अमलात तो फेलिझ नावाच्या शिपायाकडे गेला आणि ‘रँचो लॉस फेलिझ’ म्हणून ओळखला जाऊ लागला. वेल्समध्ये गरिबीत जन्मलेला, अमेरिकेत खाणींच्या धंद्यात श्रीमंत झालेला ग्रिफिथ जे. ग्रिफिथ याने 1882 मध्ये त्याचा मोठा भाग विकत घेतला. तिथे शहामृगपालनाचाही प्रयोग झाला. 16 डिसेंबर 1896 रोजी त्याने ही जमीन नाताळची भेट म्हणून शहराला देऊ केली.

तेव्हा शहराची वस्ती जेमतेम लाखाच्या घरात होती. एवढ्या डोंगराळ, कोरड्या जमिनीचे करायचे काय, असा प्रश्न अनेकांना पडला. कर चुकवण्यासाठीच ती शहराच्या गळ्यात मारली, असेही बोलले गेले. देणाऱ्याच्या मनातले कोणी सांगावे? मला मात्र त्याने घातलेली एक अट महत्त्वाची वाटते : उद्यानापर्यंतचे रेल्वेभाडे 5 सेंटांपेक्षा जास्त असू नये. ही जागा साध्या, कष्टकरी माणसांच्या विसाव्याची असावी, असे त्याने जाहीरपणे म्हटले होते. नुसती जमीन देऊन गरिबाला बाग मिळत नाही, तिथवर पोचणेही परवडावे लागते, हे त्याला कळले होते. सार्वजनिक जागा देणाऱ्या किती जणांच्या हे ध्यानात येते?

त्याच माणसाने 1903 मध्ये सांता मोनिकाच्या एका हॉटेलात पत्नी ख्रिस्तिना हिच्यावर गोळी झाडली. ती वाचली, पण तिचा एक डोळा कायमचा गेला. दारू आणि संशय यांनी त्याला पुरते ग्रासले होते. शिक्षा झाली ती दोन वर्षांची, आणि ती फारच कमी होती. त्याच्या औदार्याबद्दल लिहिताना ख्रिस्तिनाचे नाव गाळणे मला मान्य नाही.

तुरुंगातून सुटल्यावर 1912 मध्ये त्याने वेधशाळेसाठी 1 लाख डॉलर देऊ केले. माउंट विल्सनवरच्या मोठ्या दुर्बिणीतून आकाश पाहिल्यापासून, हे दृश्य प्रत्येकाला दिसले पाहिजे असे त्याला वाटत होते. पण अशा माणसाचा पैसा शहराने घ्यावा का, यावर वाद पेटला, प्रकरण कोर्टात गेले आणि त्याच्या हयातीत काहीच उभे राहिले नाही. 1919 मध्ये तो वारला. मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून पुढे खुले ग्रीक थिएटर बांधले गेले आणि 14 मे 1935 रोजी वेधशाळा उघडली. तिथे आजही प्रवेशमूल्य नाही.

त्याच्या दोन वर्षे आधी, ऑक्टोबर 1933 मध्ये, उद्यानात वणवा लागला. मंदीच्या दिवसांत रोजगार म्हणून झाडोरा साफ करायला आलेल्या मजुरांना तो विझवायला पाठवले गेले. प्रशिक्षण नव्हते, हत्यारे म्हणजे फावडी. 29 जण दगावले. उद्यानाच्या इतिहासात दात्याइतकेच स्थान या मजुरांना मिळायला हवे.

दानाची जमीन राखणे शहराला नेहमी जमले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गांनी उद्यानाच्या कडा कापल्या. उद्यानातल्याच टोयॉन दरीत कचरा टाकायचे ठरले, तेव्हा ग्रिफिथच्या मुलाने कोर्टात दाद मागितली, पण निकाल शहराच्या बाजूने लागला. 1957 पासून 1985 पर्यंत त्या दरीत शहराचा कचरा पडत राहिला. अखेर नागरिकांच्या आणि ग्रिफिथ कुटुंबाच्या पाठपुराव्यानंतर 2009 मध्ये संपूर्ण उद्यानाला शहराच्या ऐतिहासिक-सांस्कृतिक स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी ‘हॉलिवूड’ अक्षरांशेजारची काहुएंगा शिखराची 138 एकर जमीन बंगल्यांसाठी विकली जाण्याच्या बेतात होती. देणग्या आणि सरकारी निधी मिळून 1 कोटी 25 लाख डॉलर उभे राहिले आणि तीही ग्रिफिथ पार्कला जोडली गेली.