लोखंडी कूलर जास्त गार हवा देतो?

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे गच्चीवरचा जुना लोखंडी कूलर खाली येतो आणि कोणीतरी म्हणतंच, "प्लास्टिकच्यात दम नाही, लोखंड गारवा धरून ठेवतं." पत्र्याचा गारव्याशी काही संबंध नाही. ताट्यांवरच्या पाण्याची वाफ होते आणि ती हवेतली उष्णता ओढून घेते, एका लिटरमागे साधारण २,४०० किलोज्यूल. जुना कूलर सरस वाटतो तो मोठ्या पंख्यामुळे आणि तिन्ही बाजूंच्या जाड गवती ताट्यांमुळे. त्याच ताट्यांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढले, वरच्या नळीची दोन भोकं बुजली, की तेवढा पट्टा कोरडा राहतो आणि तिथून थेट लूच आत येते.

कूलर खिडकीबाहेर बसवा, समोरचं दार किलकिलं ठेवा. एसीसारखं घर बंद केलं तर तासाभरात नुसता दमटपणा. (जुलैत मात्र लोखंड काय नि प्लास्टिक काय, दोन्ही सारखेच निकामी.)

लोखंडाचा खरा फरक वेगळाच आहे: मोटरची वायर उघडी पडली तर अख्खा पत्रा करंट मारतो. थ्री-पिन, चालू अर्थिंग हवंच, आणि पाणी भरताना प्लग काढूनच ठेवायचा.