अमेरिकन स्वप्न आणि ‘द ग्रेट गॅट्सबी’

अमेरिकन स्वप्न : माणूस कोणत्याही घरात जन्मला तरी कष्ट, हुशारी आणि जिद्द यांच्या बळावर अमेरिकेत त्याला हवे तितके वर जाता येते, ही धारणा. तिची चर्चा निघाली की एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड (१८९६–१९४०) यांच्या द ग्रेट गॅट्सबी (१९२५) या कादंबरीचा दाखला हटकून दिला जातो. नॉर्थ डकोटातील एका दरिद्री शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ ‘जे गॅट्सबी’ हे नवे नाव धारण करतो, थोड्या वर्षांत अफाट पैसा जमवतो आणि तो सारा डेझीसाठी पणाला लावतो. डेझी ही त्याची पूर्वीची प्रेयसी, आता दुसऱ्याची पत्नी. १९२२ च्या उन्हाळ्यातील ही हकिगत शेजारी राहणारा निक कॅरावे सांगतो. शेवटी गॅट्सबीचा खून होतो. त्याच्या मेजवान्यांना शेकड्यांनी लोटणाऱ्यांपैकी निकखेरीज एकच जण दफनाला येतो.

‘अमेरिकन स्वप्न’ हा शब्दप्रयोग या कादंबरीत कुठेही नाही. तो रूढ केला जेम्स ट्रसलो ॲडम्स या इतिहासकाराने, द एपिक ऑफ अमेरिका (१९३१) या ग्रंथात; म्हणजे कादंबरीनंतर सहा वर्षांनी आणि महामंदीच्या ऐन काळात. ॲडम्सला ग्रंथाचे नावच ‘अमेरिकन स्वप्न’ ठेवायचे होते, पण स्वप्नासाठी कोण पैसे मोजणार म्हणून प्रकाशकाने ते मानले नाही, असे सांगितले जाते. अर्थात प्रयोग त्याच्याही आधीचा आहे. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने तो १९१४ मध्ये केला होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वृत्तपत्रीय लेखनातही तो तुरळक आढळतो. सेरा चर्चवेल या अभ्यासिकेने अलीकडे या जुन्या वापरांचा मागोवा घेतला असून त्यांतून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे : आरंभीच्या वापरात रोख समता आणि न्याय यांवर दिसतो, व्यक्तीच्या श्रीमंतीवर नव्हे. मूठभरांच्या हाती साचणारी संपत्ती हाच त्या स्वप्नाला धोका मानला जाई. ॲडम्सनेही हे निव्वळ मोटारगाड्यांचे आणि भरघोस पगाराचे स्वप्न नव्हे, असे बजावले होते. बंगला, गाडी, बँकेतली शिल्लक हा आज सरसकट घेतला जाणारा अर्थ पुढच्या काळात वरचढ झाला.

त्यामुळे ‘गॅट्सबी ही अमेरिकन स्वप्नाची कादंबरी’ हे विधान कितपत खरे, असा प्रश्न उरतोच. समीक्षक लायनेल ट्रिलिंग यांनी १९४५ मध्ये गॅट्सबी हा खुद्द अमेरिकेचेच प्रतीक ठरतो, असे मत मांडले. दुसरे समीक्षक मॅरियस ब्यूली यांनी १९५४ मध्ये कादंबरीतील अमेरिकेच्या समीक्षेची सविस्तर मांडणी केली. या संज्ञेच्या चष्म्यातून कादंबरी वाचण्याचा प्रघात साधारण याच सुमारास दृढ झाला असावा. ही संज्ञा मागाहून चिकटवलेली, म्हणून ती टाळावी, असाही एक पक्ष आहे. नाव मागून आले हे खरे, पण वस्तू कादंबरीत आधीपासून होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याचा पुरावा शेवटच्या प्रकरणात आहे.

मुलाच्या मृत्यूनंतर म्हातारे हेन्री गॅट्झ येतात. त्यांच्या पाकिटात मुलाच्या प्रासादाचा एक फोटो असतो, कोपरे चिरलेला आणि हाताळून मळलेला. तो लोकांना इतक्यांदा दाखवलेला, की समोरच्या घरापेक्षा त्यांना तो फोटोच जास्त खरा वाटतो. मग ते एक जुने पुस्तक काढतात. हॉपअलाँग कॅसिडी ही ती काउबॉयची कादंबरी. तिच्या मागच्या कोऱ्या पानावर पोरवयातल्या जिमीने, म्हणजे गॅट्सबीने, १२ सप्टेंबर १९०६ ही तारीख घालून वेळापत्रक लिहिलेले आहे : सहाला उठणे, सव्वासहाला डंबेल्स, सव्वासात ते सव्वाआठ विजेचा अभ्यास, साडेआठ ते साडेचार काम, त्यानंतर बेसबॉल, पाच ते सहा वक्तृत्व, सात ते नऊ ‘आवश्यक शोधांचा’ अभ्यास. खाली संकल्प : एक दिवसाआड आंघोळ, आठवड्याला एक चांगले पुस्तक, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक (पाच खोडून तीन केलेले), आईवडिलांशी नीट वागणे. खोडलेला तो पाचाचा आकडा वाचताना गळा दाटतो. स्वप्न पाहणाऱ्या पोराचा घरचा हिशेब त्या एका खाडाखोडीत दिसतो.

या पानाचे नाते बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातील दिनक्रमाशी आहे, हे अभ्यासकांनी १९५० च्या दशकातच दाखवले. दोहोंतला फरक मात्र पुरेसा लक्षात घेतला जात नाही. फ्रँकलिनचा दिवस ‘आज मी कोणते सत्कृत्य करीन?’ या प्रश्नाने सुरू होतो आणि ‘आज कोणते केले?’ या प्रश्नाने संपतो. जिमीच्या पानावर तास आहेत, तो प्रश्न नाही. आणखी एक तपशील : क्लॅरेन्स मलफर्ड यांचे हे पुस्तक १९१० मध्ये निघाले, तेव्हा १९०६ ची तारीख कालविसंगत ठरते. ही लेखकाची नजरचूक असावी. तिच्यात गूढ अर्थ शोधण्याचे कारण दिसत नाही.

संपत्तीचे चित्रण भूगोलावर उभे आहे. पिढीजात श्रीमंतांचे ईस्ट एग आणि नवश्रीमंतांचे वेस्ट एग यांच्यामध्ये खाडी आहे. वेस्ट एग म्हणजे लाँग आयलंडवरील ग्रेट नेक. फिट्झजेराल्ड दांपत्य १९२२ ते १९२४ मध्ये तेथे राहत होते. गॅट्सबीचा पैसा दारूबंदीतून (१९२०–३३) आलेला आहे : औषधांची दुकाने विकत घ्यायची आणि तेथून चोरटी दारू विकायची. शिवाय बनावट रोख्यांचे काहीतरी प्रकरण आहे. कादंबरी ते मुद्दाम धूसर ठेवते. गॅट्सबीचा धंद्यातला साथीदार वुल्फशाइम या पात्रामागे १९१९ च्या बेसबॉल विश्वमालिकेतील लाचप्रकरणाशी नाव जोडलेला आर्नल्ड रॉथस्टाइन आहे, यावर बहुतेकांचे एकमत आहे. गॅट्सबीचे मूळ तितके निश्चित नाही. मॅक्स गेर्लाक हा दारूचा चोरटा व्यापारी आणि ग्रेट नेकचा रहिवासी एडवर्ड फुलर हे दोघे पुढे केले जातात. फुलरची पेढी ‘बकेट शॉप’ (शेअर प्रत्यक्ष न घेता त्यांच्या भावावर पैजा घेणारा अड्डा) म्हणून बुडाली. आपल्याकडचे ‘डब्बा ट्रेडिंग’ याच जातीचे. एकाच माणसावरून हे पात्र बेतले असण्याचा संभव कमी.

डेझीच्या मुळाबद्दलही दोन नावे येतात : लेक फॉरेस्टची जिनेव्ह्रा किंग आणि लेखकाची पत्नी झेल्डा सेयर. जिनेव्ह्राने १९१८ मध्ये शिकागोच्या एका धनिक घराण्यात लग्न केले. झेल्डाने १९१९ मध्ये वाङ्‌निश्चय मोडला आणि फिट्झजेराल्डची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर, १९२० मध्ये, लग्न केले. ‘गरीब मुलांनी श्रीमंत मुलींशी लग्नाचा विचार करू नये’ हे ऐकलेले वाक्य फिट्झजेराल्डने आपल्या नोंदवहीत टिपून ठेवले होते.

कादंबरीतले प्रेम पैशापासून सोडवून काढता येत नाही. डेझीच्या आवाजात पैसा भरलेला आहे, असे खुद्द गॅट्सबीच म्हणतो. याहून बोलका प्रसंग लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा आहे. साडेतीन लाख डॉलरांचा मोत्यांचा सर डेझी कचऱ्याच्या टोपलीत फेकते. हातात एक पत्र घट्ट धरलेले. ते ती टबात बसतानाही सोडत नाही. पत्र भिजते, चुरगळते, बर्फासारखे विरू लागते, तेव्हा कुठे साबणाच्या ताटलीत ठेवू देते. अर्ध्या तासाने मोती पुन्हा गळ्यात असतात. पत्र कुणाचे हे कादंबरी सांगत नाही, सांगावे लागत नाही.

संहितेविषयी एक वाद अजून उल्लेखिला जातो. अखेरच्या परिच्छेदात पहिल्या आवृत्तीत ‘ऑर्गॅस्टिक’ हे विशेषण होते. समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४१ च्या आवृत्तीत ते ‘ऑर्जिॲस्टिक’ केले आणि भविष्याच्या उत्कट परमसुखाऐवजी बेबंद रंगेलपणाचा भास झाला. फिट्झजेराल्डने मूळ शब्दाचे समर्थन संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांच्याकडे केलेले असल्याने मूळ पाठच योग्य होय. १९९१ च्या केंब्रिज आवृत्तीत तोच आहे. शीर्षकही बरेच बदलले : ‘ट्रिमाल्किओ इन वेस्ट एग’ (ट्रिमाल्किओ हा एका रोमन कथेतला मेजवान्या देणारा नवश्रीमंत), ‘अंडर द रेड, व्हाइट अँड ब्लू’ अशी नावे विचाराधीन होती. यांतले दुसरे अमेरिकी ध्वजाच्या रंगांवरून आहे आणि नाव मागून आले तरी वस्तू आधीपासून होती, या वरील मताला बळ देते.

पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची होती, दुसरी ३,००० ची; लेखक वारला तेव्हा तिच्या प्रती शिल्लक होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी सुमारे १,५५,००० प्रती छापल्या गेल्या, तेथून वाचक वाढले. २०१३ च्या चित्रपटात वुल्फशाइमची भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. २०१२ मध्ये अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी ‘ग्रेट गॅट्सबी वक्र’ लोकांपुढे आणला : ज्या देशात विषमता जास्त, तेथे बापाच्या मिळकतीवरून मुलाची मिळकत ठरण्याचे प्रमाणही जास्त आढळते. त्या आलेखावर अमेरिका डेन्मार्क, नॉर्वे यांच्या बरीच वर आहे.