शोध-क्लस्टरमधील स्नॅपशॉट पुनर्स्थापना

शोध-क्लस्टरमधील स्नॅपशॉट पुनर्स्थापना : इलॅस्टिकसर्च (२०१०) किंवा त्यातून २०२१ मध्ये वेगळा झालेला ओपनसर्च यांसारख्या, अनेक नोडवर (एकत्र मिळून क्लस्टर बनवणाऱ्या सर्व्हरवर) पसरलेल्या शोध-डेटाबेसमधील इंडेक्स (शोधता येणाऱ्या नोंदींचा संच) पुसला गेल्यास, बिघडल्यास किंवा दुसऱ्या क्लस्टरवर न्यायचा असल्यास, आधी घेऊन ठेवलेल्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणीच्या बॅकअप-प्रतीवरून) तो पुन्हा उभा करण्याची प्रक्रिया. नोडची डेटा डिरेक्टरी नुसती कॉपी करून ठेवणे हा बॅकअप नव्हे. त्या प्रतीतून क्लस्टर सुसंगत स्थितीत उभा राहील याची खात्री नसते.

दोन्ही डेटाबेस अपाची ल्यूसीन या शोध-लायब्ररीवर आधारलेले आहेत. ल्यूसीनचा सेगमेंट (इंडेक्सचा डिस्कवरील तुकडा) एकदा लिहिला की बदलत नाही, त्यामुळे नवा स्नॅपशॉट रिपॉझिटरीत (स्नॅपशॉट साठवण्याच्या जागेत) आधीपासून नसलेले सेगमेंटच तेवढे उचलतो आणि बाकीच्यांचा केवळ संदर्भ ठेवतो. जुना स्नॅपशॉट एपीआयमार्फत (डेटाबेसच्या स्वतःच्या आज्ञेने) काढला, तर नव्याला धक्का लागत नाही. रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये शिरून ‘जुन्या’ फाइली हाताने उडवल्या, तर मात्र एकाच वेळी अनेक स्नॅपशॉट निकामी होऊ शकतात. स्नॅपशॉटमध्ये फक्त प्रायमरी शार्ड (इंडेक्सच्या भागांच्या मूळ प्रती) असतात. रेप्लिका, म्हणजे जादा प्रती, त्यांच्यावरून नंतर तयार होतात आणि तोवर क्लस्टर पिवळ्या स्थितीत (मूळ प्रती उपलब्ध, जादा प्रती अपुऱ्या) राहतो, यात घाबरण्यासारखे काही नाही.

त्याच नावाचा इंडेक्स चालू असेल, तर रिस्टोर नाकारले जाते. तो आधी बंद करावा लागतो, काढून टाकावा लागतो किंवा स्नॅपशॉटमधला इंडेक्स वेगळ्या नावाने उतरवावा लागतो. डिस्कवर जागा असल्यास तिसरा मार्गच श्रेयस्कर, कारण नव्या इंडेक्समधील नोंदी तपासून मग एलियस (इंडेक्सचे पर्यायी नाव) त्याच्याकडे वळवता येतो.

खरी अडचण स्नॅपशॉटमध्ये नसलेल्या गोष्टींची असते. इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी तयार ॲनालायझर (मजकुराचे शोधण्यायोग्य शब्द पाडणारे घटक) आहेत, मराठीसाठी नाही; त्यामुळे मराठी मजकुराचा इंडेक्स बहुधा आयसीयू (युनिकोड मजकूर हाताळणारे) प्लगइन आणि स्वतः लिहिलेल्या समानार्थी शब्दांच्या फाइलीवर चालतो. नागपूरच्या पत्त्यांचा इंडेक्स घेतला, तर कोणी ‘बर्डी’ टाइप केल्यावर सीताबर्डीचे पत्ते निघावेत, अशी ओळ त्या फाइलीत असते. ही फाइल आणि ते प्लगइन नोडवर राहतात, स्नॅपशॉटमध्ये येत नाहीत. नव्या क्लस्टरच्या नोडवर ती नसली, की इंडेक्सचा ॲनालायझरच उभा राहत नाही आणि रिस्टोर अडते, मग स्नॅपशॉट घेताना तो कितीही यशस्वी दाखवला गेला असो. कॉन्फिगरेशनच्या फाइलींचा बॅकअप म्हणूनच वेगळा घ्यावा लागतो.

आवृत्तीचे बंधनही आहे : नव्या आवृत्तीतील स्नॅपशॉट जुन्या आवृत्तीच्या क्लस्टरवर उतरत नाही.

वेळेचा हिशेब रिपॉझिटरीच्या जागेवर अवलंबून असतो. पुनर्स्थापनेच्या वेगाला सहसा प्रत्येक नोडमागे सेकंदाला ४० एमबी ही पूर्वनिर्धारित मर्यादा असते. त्या हिशेबाने एका नोडवर ५०० जीबी उतरायला सुमारे साडेतीन तास लागतात. पण क्लस्टर नागपुरातील परसोडीच्या आयटी पार्कमधील सर्व्हरवर, रिपॉझिटरी मुंबईच्या क्लाउडमध्ये आणि मधली लाइन १०० एमबीपीएसची (सेकंदाला सुमारे १२.५ एमबी) असेल, तर त्याच कामाला अकरा तासांहून अधिक लागतील आणि मर्यादा वाढवूनही फरक पडणार नाही. अशा ठिकाणी अलीकडचे स्नॅपशॉट स्थानिक शेअर्ड डिस्कवरही ठेवतात. पुनर्स्थापनेची चाचणी वेगळ्या क्लस्टरवर घ्यायची असेल, तेव्हा तिथे ती रिपॉझिटरी ‘फक्त वाचन’ या स्वरूपात नोंदवणे आवश्यक आहे, कारण दोन क्लस्टर एकाच रिपॉझिटरीत लिहू लागले तर तिच्यातील सामग्री बिघडू शकते.