टेडी बेअरवाली फाइल: खोट्या व्हायरस-इशाऱ्यांची पार्श्वभूमी

‘हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर…’ अशी देवाच्या नावाची पोस्टकार्डं ज्यांच्या घरी येऊन पडली, त्यांना या प्रकाराचं मूळ वेगळं सांगायला नको. संगणकावर ही तऱ्हा 1994 च्या अखेरीस गाजली. ‘गुड टाइम्स’ नावाचा ईमेल उघडाल तर हार्ड डिस्क पुसली जाईल, असा तो इशारा. तसा व्हायरस नव्हताच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या सुरक्षा पथकानं तो खोटा ठरवला आणि असे इशारे ओळखायच्या दोन खुणा सांगितल्या: जड तांत्रिक भाषा आणि मोठ्या संस्थेचं उसनं नाव.

बेळगाव, निपाणी, खानापूरकडे नेट कॅफे आले ते शतक बदलताना. इशारे इंग्रजीत यायचे, बहुतेक पुण्या-मुंबईच्या नातलगांकडून. इंग्रजीत आहे आणि शिकलेल्या माणसानं पाठवलंय, एवढ्यावर विश्वास बसायचा.

खरा गुंता झाला तो खंडन करणाऱ्यांच्याच एका वाक्याचा: ‘नुसता ईमेल वाचून व्हायरस येत नाही.’ 1994 साली, साध्या मजकुराच्या ईमेलच्या काळात, ते बरोबर होतं. 1999 च्या नोव्हेंबरमध्ये ‘बबलबॉय’ नावाचा व्हायरस आला. आउटलुक एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्रॅममध्ये ईमेलचं नुसतं पूर्वदर्शन दिसलं तरी तो चालायचा. तो फारसा पसरला नाही. सुरक्षेतल्या त्याच फटीतून आलेला ‘काक’ मात्र पसरला. वाक्य बदलायला हवं होतं, पण ते पुढेही कित्येक वर्षं तसंच सांगितलं गेलं. मला ही चूक अफवेइतकीच महागाची वाटते. खंडन एकदा खोटं पडलं की पुढच्या खऱ्या खंडनावर कोण विश्वास ठेवणार?

2001 साली अफवेनं पवित्रा बदलला. ‘एसयूएलएफएनबीके.ईएक्सई’ फाइल शोधा आणि पुसा, असा तो निरोप. ती विंडोजचीच, लांब फाइलनावं परत मिळवून देणारी. 2002 मध्ये ‘जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई’ची पाळी आली. तिचं चिन्ह होतं राखाडी टेडी बेअर. शोधणाऱ्याला अस्वल हमखास सापडायचं, कारण विंडोजबरोबर ते आलेलंच असायचं. सापडलं म्हणजे इशारा खरा! ‘एसयूएलएफएनबीके’च्या प्रकरणात तर आणखी घोळ होता. ‘मॅजिस्टर’ नावाचा खरा व्हायरस विंडोजच्या फाइलींना लागण करून त्या ईमेलला जोडून पाठवायचा आणि त्यांत कधीकधी हीच फाइल असायची. म्हणजे जोडून आलेली प्रत घातक, संगणकातली मूळ फाइल निर्दोष. हा फरक दोन ओळींच्या निरोपात कुठून मावणार?

पुढे ईमेल मागे पडला आणि व्हॉट्सॲप आलं. 2018 च्या जुलैमध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली. ‘फॉरवर्डेड’ ही खूणही त्याच महिन्यातली. सीमाभागात मात्र एक अडचण वेगळीच आहे. तोच निरोप कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून मराठीत येतो आणि हुबळीच्या मित्राकडून कन्नडमध्ये. दोन भाषा, दोन दिशा. वाचणाऱ्याला वाटतं, दोन साक्षीदार मिळाले. असतो तो एकाच इंग्रजी मजकुराचा दोनदा झालेला अनुवाद. ‘मार्टिनेली’ नावाचा व्हिडिओ उद्या येणार, उघडलात तर फोन हॅक होईल, हा इशारा 2017 पासून असाच फिरतोय. त्यातला ‘उद्या’ अजून तसाच आहे, तारीख कुणीच घातलेली नाही.