'हार्लेम शफल' बॅरी व्हाइटचं नव्हे!

सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारातला खर्जातल्या आवाजाचा गायक बॅरी व्हाइट याच्याविषयीच्या लेखांत एक माहिती हमखास सापडते: बॉब आणि अर्ल या जोडीच्या 1963 सालच्या 'हार्लेम शफल' या गाण्याचं संगीतसंयोजन त्याचं होतं. ते खरं नाही. संयोजन जीन पेज यांचं. खुद्द बॅरीने 1999 सालच्या आत्मचरित्रात आपला त्या गाण्याशी संबंध नसल्याचं सांगून टाकलंय. तरी लोक लिहीतच राहतात!

गोंधळ का झाला असावा, याचा अंदाज बांधता येतो. पुढे 70च्या दशकात हेच जीन पेज बॅरीच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करत होते. व्हायोलिनांचा तो भरगच्च ताफा, त्याखाली संथ ठेका आणि गाणं सुरू होण्याआधी बॅरीचं ते कानाशी बोलल्यासारखं पुटपुटणं. दोन नावं इतकी चिकटली, की जुनं श्रेयही बॅरीच्या खात्यावर गेलं असावं.

वास्तविक त्याला उसन्या श्रेयाची गरजच नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या या मुलाने टायरचोरीपायी किशोरवयात तुरुंगही पाहिला. नंतर बरीच वर्षं तो पडद्यामागेच राबला. स्वतः गायला त्याची तयारीच नव्हती. 1973 मध्ये मित्राच्या आग्रहाखातर तो गायला आणि चाललाच. 1974 मध्ये तर त्याचा वाद्यवृंद आणि तो स्वतः, दोघेही वेगवेगळ्या गाण्यांनी अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.