राखीव दिवसाची भानगड

सप्टेंबर 2002 मध्ये कोलंबोत दोन दिवसांत 110.4 षटके टाकली गेली आणि तरीही चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्याचा निकाल लागला नाही. राखीव दिवसाविषयी, म्हणजे पावसाने सामना अडला तर हाताशी ठेवलेल्या जादा दिवसाविषयी, आज जे वाद होतात, त्यांतले बहुतेक या दोन दिवसांत आधीच होऊन गेलेले दिसतात.

29 सप्टेंबरला श्रीलंकेने 50 षटकांत 5 बाद 244 केल्या. भारताची दोन षटके झाली, धावफलक बिनबाद 14, आणि पाऊस आला. दुसरा दिवस राखीव होता. पण स्पर्धेच्या नियमांत राखीव दिवसाचा अर्थ 'उरलेला खेळ उद्या' असा नव्हता, 'सगळा सामना उद्या नव्याने' असा होता. पुन्हा नाणेफेक झाली, श्रीलंकेने पुन्हा पहिली फलंदाजी करत 7 बाद 222 केल्या, भारत 8.4 षटकांत 1 बाद 38 वर असताना पुन्हा पाऊस आला आणि चषक विभागून द्यावा लागला. नोंदींमध्ये हे दोन स्वतंत्र एकदिवसीय सामने आहेत, दोन्ही अनिर्णित.

आता हिशोब पाहा. दुसऱ्या दिवशी श्रीलंकेची 50 षटके पावसाआधी पूर्ण झाली. त्याऐवजी आदल्या दिवशीचा सामना पुढे चालवला असता, तर तेवढ्याच वेळात भारताची उरलेली 48 षटके होऊन गेली असती. म्हणजे दोन दिवसांचा पाऊस पडूनही निकाल लागला असता. तो नियमाने अडवला. नियमाच्या बाजूनेही बोलता येते: तो स्पर्धेआधीच ठरलेला होता, दोन्ही संघांना सारखाच लागू होता, आणि एका संघाने एका दिवशी व दुसऱ्याने दुसऱ्या दिवशीच्या हवेत फलंदाजी करायची यात असमानता आहेच. युक्तिवाद म्हणून ठीक. पण खेळल्या गेलेल्या 52 षटकांवर पाणी सोडण्याइतका तो वजनदार वाटत नाही.

शिवाय सामना दुसऱ्या दिवशी पुढे नेणे ही काही नवी गोष्ट नव्हती. इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या विश्वचषकांत 60 षटकांचे सामने एका दिवसात संपले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी पुढे चालत. 1983 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला भारताने 8 बाद 262 केल्या, वेस्ट इंडिज 2 बाद 67 वर थांबले, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे खेळून 228 वर बाद झाले. 1999 मध्ये एजबॅस्टनला इंग्लंड 3 बाद 73 वरून दुसऱ्या सकाळी उतरले आणि 169 वर आटोपले. कोलंबोच्या तीनच वर्षे आधीचा हा दाखला हाताशी होता.

पुढे 'तिथूनच पुढे' हा अर्थ रुळला, पण गोंधळ संपला नाही. 2007 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे 38 षटकांचा झाला होता. अंधारून आले तेव्हा निकालासाठी लागणारी श्रीलंकेची किमान 20 षटके केव्हाच झाली होती, म्हणजे निकाल तिथल्या तिथे लागू शकत होता. तरी उरलेली तीन षटके दुसऱ्या दिवशी टाकावी लागतील असे सामनाधिकाऱ्यांनी सांगितले. मग ती जवळजवळ काळोखात, फिरकी गोलंदाजांकडून उरकण्यात आली. जल्लोष सुरू झालेला ऑस्ट्रेलियन संघ पुन्हा क्षेत्ररक्षणाला उभा राहिला.

आणखी एक बारकावा फार जणांच्या लक्षात येत नाही. षटके कमी करून खेळ पुन्हा सुरू झाला असेल, तर राखीव दिवशीही कमी षटकांचाच सामना पुढे चालतो. नुसती घोषणा होऊन एकही चेंडू पडला नसेल, तर मूळ षटके परत येतात. 2019 च्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंड 46.1 षटकांत 5 बाद 211 वर थांबले आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण 50 षटके खेळून 239 वर गेले. भारत 221 वर बाद झाला, ते सांगायला नकोच. त्याच स्पर्धेत साखळी सामन्यांना राखीव दिवस नव्हते. स्पर्धा फार लांबेल असे कारण दिले गेले आणि चार सामने पावसात गेले.

राखीव दिवस कोणाला मिळावा, हा प्रश्न खऱ्या अर्थाने 2023 च्या आशिया चषकात पेटला. गटातला भारत-पाकिस्तान सामना पल्लेकेलेत वाहून गेला होता. मग स्पर्धा चालू असताना सुपर फोरमधल्या, म्हणजे चार संघांच्या पुढच्या फेरीतल्या, फक्त भारत-पाकिस्तान सामन्याला राखीव दिवस देण्यात आला. श्रीलंका आणि बांगलादेशच्या प्रशिक्षकांनी नाराजी लपवली नाही. चारही संघांशी बोलून ठरवले, असे नंतर सांगण्यात आले. प्रेक्षकसंख्या आणि प्रक्षेपणाचा पैसा हे कारण कोणी कागदावर लिहिले नाही, एवढेच. सामना 24.1 षटकांत 2 बाद 147 वरून दुसऱ्या दिवशी सुरू झाला, भारताने 2 बाद 356 केल्या आणि 228 धावांनी जिंकला. लगेच तिसऱ्या दिवशी त्याला श्रीलंकेविरुद्ध उतरावे लागले, म्हणजे या सवलतीची किंमतही भारतानेच मोजली.

2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पहिल्या उपांत्य सामन्याला राखीव दिवस होता, गयानातल्या दुसऱ्याला नव्हता, कारण त्यानंतर एका दिवसाच्या अंतराने बार्बाडोसला अंतिम सामना होता. त्याऐवजी त्याच दिवशी 250 मिनिटे जादा ठेवली होती.