'मणका सरकला': कंबरदुखीवरच्या हस्तोपचारांची पार्श्वभूमी

कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हे गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. लावणी करून आखडलेल्या बाईला पालथं झोपवून कोमट खोबरेल चोळायचं, निर्गुडीच्या पाल्याने शेकायचं, हेही नेहमीचंच. यात काही 'जागेवर बसवण्याची' भाषा फारशी नसे. ती बाहेरून आली.

पाठ ताणून मणक्यांवर दाब देण्याचं वर्णन प्राचीन ग्रीक वैद्यकात आहे. आजच्या पद्धती मात्र अमेरिकेतल्या: १८७४ ची ऑस्टिओपॅथी आणि १८९५ ची, आयोवातली कायरोप्रॅक्टिक. या दुसऱ्या पंथाने 'सब्लक्सेशन' हा शब्द उचलला. अस्थिरोगात त्याचा अर्थ सांधा अर्धवट निखळणं, आणि ते एक्स-रेत दिसतं. पंथाने तोच शब्द एक्स-रेत न दिसणाऱ्या दोषालाही लावला आणि बहुतेक आजारांचं मूळ तिथे दाखवलं. पुढे १९३४ मध्ये बोस्टनच्या शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधली गादी फाटून नस दाबली जाते हे मांडलं. मराठीत दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदात अडकल्या: मणका सरकला, गादी सरकली.

गादी सरकत नाही. वरच्या-खालच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. तिची कड फुगते, किंवा फाटून आतला गर बाहेर येतो. २०१५ च्या एका आढाव्यात कसलंही दुखणं नसलेल्या विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगलेली गादी आढळली. दाब देताना येणारा 'कट्' आवाजही हाड बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, त्याचा तो. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टिकच्या नियामक संस्थेनेच सांगितलं की हे सब्लक्सेशन आजारांचं कारण आहे असा दावा करण्याजोगा पुरावा नाही. 'सरकला' हा शब्द तरी टिकलाच. खाणीवरचा एक टिपरचालक माझ्याकडे आला, तेव्हा वाकून बूट घालणंही त्याने सोडलं होतं. मणका पुन्हा सरकेल, ही भीती. त्याच्या दुखण्यापेक्षा त्या शब्दानेच त्याला जास्त जखडलं होतं.

दरम्यान विसाव्या शतकाच्या मध्यापासून ऑस्ट्रेलिया आणि नॉर्वेतल्या फिजिओथेरपिस्टांनी झटक्याऐवजी हलक्या, लयबद्ध दाबाची पद्धत बांधली. २०१६ च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेने हस्तोपचाराला व्यायामाच्या जोडीनेच जागा दिली. नुसत्या हाताला नाही. २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने ताज्या कंबरदुखीत गोळ्यांआधी शेक, मालीश आणि मणक्यांचे हस्तोपचार सुचवले. फायदा बहुधा माफकच असतो. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर मात्र हात लावून घेत बसू नये, थेट इस्पितळ गाठावं.

टिपरवाल्याच्या कागदावर मी 'मणका सरकला' लिहिलं नाही. त्याची आई पहिल्या दिवशी जे म्हणाली तेच लिहिलं: कंबर धरली आहे.